पेन्शन किती मिळणार रे?

एव्हरशाईन सिटीत आमच्या शेजारी सासरे-सून दोघंही सरकारी कारकून. काका केव्हाच रिटायर झाले, वहिनी 2007 ला लागल्या. परवा चहाला गेलो तर वहिनींचा नेहमीचाच प्रश्न, "तू कॉम्प्युटरवाला ना, सांग, मला पेन्शन किती मिळेल?"

काकांचं उत्तर एका ओळीचं: शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं, वर महागाई भत्ता. वहिनींचं मात्र बाजार ठरवणार! कारण एक तारीख, 1 नोव्हेंबर 2005. त्या दिवसापासून लागलेल्यांना राज्य सरकारने अंशदायी योजनेत टाकलं. (केंद्राने हेच 1 जानेवारी 2004 ला केलं होतं.) पगारातून 10 टक्के कापायचे, हमी कसलीच नाही.

मार्च 2023 मध्ये सात दिवस संप झाला, वहिनीही होत्या. ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने केंद्राची एकीकृत योजना स्वीकारली: 25 वर्षं सेवा, तर निम्मं.

काकांनी बोटं मोजली. "2032!"

"तोवर ही योजना राहिली म्हणजे मिळवली," वहिनी म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.