फोरट्रान–सी मिश्र संगणनातील ‘नल पॉइंटर’चा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मराठवाड्यातील शेती प्रामुख्याने पर्जन्यावर अवलंबून आहे. अहमदपूर परिसरातील सोयाबीन व तुरीची पेरणी मृगाच्या पावसाकडे पाहूनच होते. या पावसाचा पूर्वअंदाज देणारी संगणकीय प्रारूपे मुख्यतः फोरट्रान भाषेत लिहिलेली आहेत. मात्र त्यांची माहिती साठविणाऱ्या ‘नेटसीडीएफ’ लायब्ररीचा गाभा सी भाषेत आहे. या दोन भाषांच्या सीमेवर ‘येथे काहीही नाही’ हे कसे कळवावे, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

विषय विवेचन :
जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएमने १९५७ मध्ये फोरट्रानचा पहिला कंपायलर उपलब्ध करून दिला. गणिती सूत्रांसाठी निर्माण झालेल्या या भाषेत पॉइंटर नव्हता. १९६५ मध्ये टोनी होअर यांनी अल्गोल-डब्ल्यू भाषेसाठी ‘नल’ संदर्भाची कल्पना मांडली. २००९ मध्ये त्यांनी स्वतःच तिला अब्जावधी डॉलरची चूक म्हटले. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेत मात्र नल पॉइंटर हा नित्य व्यवहाराचा भाग झाला.

भारतात १९८८ मध्ये पुणे येथे सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ महासंगणक कार्यान्वित झाला. यंत्रे बदलली, तरी फोरट्रान टिकून राहिली. त्यामुळे सीशी तिची सांगड घालणे अपरिहार्य ठरले.

या सांगडीतील अडचण सूक्ष्म होती. फोरट्रान सामान्यतः मूल्य न पाठविता त्याचा पत्ता पाठविते. म्हणून ‘काही नाही’ या अर्थाने शून्य पाठविल्यास सीकडे नल न पोहोचता, शून्य साठविलेल्या जागेचा पत्ता पोहोचतो. सीमधील नलची तपासणी अशा वेळी निरुपयोगी ठरते. खरा नल पॉइंटर वापरला गेल्यास कार्यक्रम बहुधा बंद पडतो व दोष लक्षात येतो. परंतु वैध भासणाऱ्या पत्त्यावरून चुकीचे मूल्य निमूटपणे वाचले जाऊ शकते. यावर काही कंपायलरांनी ‘%व्हॅल’सारख्या प्रमाणबाह्य सोयी दिल्या, पण त्या सर्वत्र चालत नसत.

फोरट्रान ९० ने पॉइंटर आणला. मात्र आरंभी त्याची स्थिती अनिश्चित असे. फोरट्रान ९५ ने त्यास आरंभीच नल करण्याची सोय दिली. फोरट्रान २००३ ने ‘आयएसओ-सी-बाइंडिंग’द्वारे सीचा नल पॉइंटर अधिकृतपणे उपलब्ध केला. तो ‘व्हॅल्यू’ गुणधर्मासह पाठवावा लागतो, आणि सीकडून आलेला पॉइंटर वापरण्यापूर्वी ‘सी-असोसिएटेड’ने तपासावा लागतो. पुढे फोरट्रान २०१८ ने न दिलेला ऐच्छिक घटक सीकडे नल म्हणूनच पोहोचेल, असा नियम प्रमाणित केला.

निष्कर्ष :
सुमारे तीन दशके हा व्यवहार कंपायलरागणिक बदलणाऱ्या संकेतांवर चालला. तो लिखित प्रमाणात आल्यामुळे उपाय सर्वांना उपलब्ध झाला. तथापि जुने कार्यक्रम आपोआप सुधारत नाहीत. महाविद्यालयीन अध्यापनात दोन्ही भाषा स्वतंत्रपणे शिकविण्याबरोबरच त्यांच्या सीमेवरील हे नियमही शिकविले जाणे आवश्यक आहे. पावसाच्या अंदाजात ‘माहिती नाही’ आणि ‘पाऊस शून्य’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कोरडवाहू शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. कार्यक्रमलेखकाला मात्र तो भेद स्पष्ट लिहावाच लागतो.