उज्जैनचे पक्षी : शिप्राकाठच्या पाणथळी आणि माळव्याची माळराने

उज्जैन म्हटले की गोमंतकीय वाचकाला महाकालेश्वर आठवतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखठणकर यांनी अठराव्या शतकात या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हा सारस्वतांचा दुवाही अनेकांना ठाऊक असतो. पक्षीनिरीक्षकांच्या लेखी मात्र या नगरीची ओळख वेगळी आहे. माळव्याच्या पठारावरील काळ्या मातीचे शिवार, जुने तलाव आणि उरलीसुरली गवताळ राने यांच्या मधोमध ती वसली आहे.

येथील पक्ष्यांचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख ‘मेघदूता’त येतो. शिप्रेवरचा पहाटवारा सारसांचा आवाज दूरवर नेतो, असे कालिदासाने लिहिले आहे. वर्णन काव्यातले असले तरी निरीक्षण पक्के आहे, कारण सारसाच्या जोडीचा तुतारीसारखा स्वर खरोखरच लांबपर्यंत ऐकू जातो. त्याच काव्यात पावसाच्या आरंभी मानसरोवराकडे निघालेले हंस आहेत. पट्टकादंब हाच तो हंस, असे काही अभ्यासक मानतात. मात्र पट्टकादंब हिवाळा सरताच, म्हणजे पावसाळ्याच्या बऱ्याच आधी, तिबेट व लडाखकडे परततात. तेव्हा येथे कविसंकेताला निसर्गाच्या वेळापत्रकापेक्षा अधिक मान मिळाला, असे म्हणावे लागते.

शहरालगतचा उंडासा तलाव हे आज हिवाळी पाहुण्यांचे ठिकाण आहे. चक्रवाक, तलवार बदक, पट्टकादंब, चित्रबलाक अशा पक्ष्यांसाठी निरीक्षक येथे पहाटे दुर्बीण घेऊन येतात. इंदूरजवळचा यशवंत सागर त्याहून मोठा आहे. गंभीर नदीवरील हा जलाशय होळकर संस्थानाच्या काळात इंदूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. हीच नदी पुढे उज्जैनची तहान भागवते. माळव्यातील सारसांचा हा एक मुख्य आसरा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये इंदूरचा सिरपूर तलाव आणि कुडचडे येथील नंदा तळे हे रामसर स्थळांच्या एकाच यादीत जाहीर झाले. त्यानंतर काही दिवसांनी यशवंत सागर व ठाण्याची खाडी यांची नावे एकत्र आली.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत उंच पक्षी असून पूर्ण वाढीचा पक्षी सुमारे सहा फूट भरतो. तो घनदाट जंगलात राहत नाही. शेताच्या कडेची दलदल, भाताची खाचरे, उथळ तळी हाच त्याचा संसार असतो. त्यामुळे त्याचे घरटे टिकणे बहुतांशी शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. महाराष्ट्रात सारस आता जवळपास गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरला आहे, तर गोव्याच्या खाजन शेतीत तो मुळातच नाही.

माळव्याचा खरा जीव टांगणीला लागला आहे तो तणमोरामुळे. स्थानिक लोक त्याला खरमोर म्हणतात. माळढोकाच्या कुळातील हा कोंबडीएवढा पक्षी पावसाळ्यात प्रजननासाठी येतो. गवतातून एकाएकी उंच उडी मारून पुन्हा गवतात दिसेनासा होणारा नर दिवसातून शेकडो वेळा हा खेळ करतो. उडीच्या वेळी नजर दुसरीकडे असेल, तर पक्षी तेथे असूनही दिसत नाही. सालिम अली यांच्या आग्रहाने १९८३ मध्ये उज्जैनच्या वायव्येस, रतलाम जिल्ह्यात सैलाना अभयारण्य अस्तित्वात आले. धार जिल्ह्यातील सरदारपूर अभयारण्यही याच पक्ष्यासाठी आहे. सरदारपुरात अभयारण्याच्या हद्दीतील जमिनींच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि पक्ष्याविषयी शेतकऱ्यांच्या मनात अढी बसली. त्याउलट, शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्यास बक्षीस देण्याची वनखात्याची योजना लोकांना रुचली. मळ्यात राबणाऱ्याइतका चांगला निरीक्षक दुसरा नाही, हे तिने मान्य केले. तरीही कुरणे नांगराखाली गेली, सोयाबीन पसरले आणि तणमोर आज ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जातो.

हौशी निरीक्षकांच्या टिपणांचे मोल याच संदर्भात ध्यानी घ्यावे लागते. तारीख, वेळ, ठिकाण, संख्या आणि निरीक्षणाचा कालावधी एवढ्या पाच गोष्टी असल्या की साधी नोंद अभ्यासाला उपयोगी पडते. काही दिसले नाही, हेही लिहून ठेवावे लागते. ‘ई-बर्ड’वर जमा झालेल्या सुमारे तीन कोटी निरीक्षणांच्या आधारे २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल तयार झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा असून १७८ जातींच्या संवर्धनाला अग्रक्रम द्यावा, असे म्हटले आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. संवेदनशील जातींची नेमकी जागा मात्र जाहीर करू नये. छायाचित्रकारांची गर्दी घरट्याला शिकाऱ्याइतकीच घातक ठरू शकते.

शिप्रा आता बारमाही राहिलेली नाही. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून तिच्यात सोडले जाते आणि इंदूरहून येणारी कान्ह नदी सांडपाणी घेऊन तिला मिळते. २०२८ च्या सिंहस्थासाठी घाट, रस्ते व पूल यांची कामे काठावर होत आहेत. उथळ चिखलाचा काठ दगडी घाटाने झाकला गेला, की तुतवार, शेकाट्या यांसारख्या चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या पक्ष्यांना तेथे भक्ष्य उरत नाही. कामे सुरू होण्याआधी कोणत्या काठावर किती पक्षी होते, हे सांगणारा पुरावा स्थानिक निरीक्षकांच्या वह्यांतच सापडेल.