मांजर, मार्जार आणि रोमचे 'कात्तुस'

१/८
सावित्री नदीच्या मुखाशी, मंडणगड तालुक्यात, बाणकोट वसले आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) इथल्या बोलीची 'बाणकोटी' या नावाने नोंद आहे. या किनाऱ्यावर मासळीच्या पाटीभोवती घुटमळते ते 'मांजर'. 'मार्जार' मात्र पोथ्यांत भेटतो. प्राणी एकच, मग शब्द दोन का?

२/८
संस्कृत 'मार्जार' हा 'मृज्', म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, या धातूपासून आला. अंग चाटूनपुसून स्वच्छ ठेवणारा, तो मार्जार. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात त्याचे 'मंजर' हे रूप नोंदवले. आपले 'मांजर' त्याच वाटेवरचे.

३/८
वाटेत लिंगही बदलले. 'मार्जार' पुल्लिंगी, 'मांजर' नपुंसकलिंगी. नर तो बोका, मादी ती भाटी. भेद करायचा नसेल तर नुसते 'ते मांजर'. हिंदीत नपुंसकलिंग लोपले; मराठीने ते जपले, म्हणून ही सोय उरली.

४/८
अशीच शब्दांची जोडी रोममध्येही होती. अभिजात लॅटिनमधील जुना शब्द 'फेलेस'. तो स्त्रीलिंगी, षष्ठी एकवचनी 'फेलिस', अनेकवचनी 'फेलियुम'. लॅटिनमध्ये नपुंसकलिंग होते, पण मांजराच्या वाट्याला ते आले नाही.

५/८
पुढे 'कात्तुस' हा पुल्लिंगी शब्द रूढ झाला. उत्तरकालीन रोमन लेखक पॅलाडियस शेतीवरील ग्रंथात सांगतो : जमीन पोखरणाऱ्या प्राण्यांवर उपाय म्हणून वाफ्यांत 'कात्तुस' बाळगावेत. हा शब्द शेतामळ्यातला होता.

६/८
टिकलाही तोच. इटालियन 'गात्तो', स्पॅनिश व पोर्तुगीज 'गातो', फ्रेंच 'शा' ही सारी त्याचीच संतती. 'फेलेस' ग्रंथांपुरता उरला.

७/८
१७५८ साली लिनियसने पाळीव मांजराचे शास्त्रीय नाव ठेवले 'फेलिस कातुस'. ग्रंथातला आणि घरातला, दोन्ही शब्द एकत्र आले. मराठी प्राणिशास्त्रातही वाघ-सिंहांचे कुळ 'मार्जार कुळ' आणि घरात वावरते ते मांजरच.

८/८
फरक एवढाच : 'कात्तुस' हा 'फेलेस'चा वंशज नव्हे, 'मांजर' मात्र 'मार्जारा'चेच लेकरू आहे. म्हणून त्याला 'मार्जारा'चा अपभ्रष्ट अवतार मानणे अन्यायाचे. बोलीतला शब्द बिघडलेला नसतो. शतकानुशतके लोकांच्या तोंडी राहून तो घडलेला असतो.