मुळशीचें पाणी आणि कांचेची चूल

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या मावळांतील नद्या पूर्वेकडे वळतात आणि लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळतात. मुळशी पेट्यांतील मुळा व निळा या त्यांपैकींच. परंतु त्याच माथ्यावरून पश्चिमेकडे पाहिलें, तर थोड्याच कोसांवर कोंकण सुमारें ५०० मीटर खालीं पसरलेलें दिसतें. हा उतार टाटा कंपनीच्या इंजिनियरांच्या नजरेंत भरला. संगमाजवळ धरण बांधून पाणी अडवावें, डोंगर पोखरून तें पश्चिमेस न्यावें आणि नळांतून भिऱ्यास उतरवून तेथें वीज उत्पन्न करावी, अशी योजना ठरली. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें होतें, भिवपुरीचें १९२२ सालीं झालें आणि भिऱ्याचें १९२७ सालीं. वीज मुंबईस गेली.

संगमाभोवतीं मात्र ओसाड रान नव्हतें. सुमारें पन्नास गांवांच्या जमिनींवर संकट येणार होतें. तेथें आंबेमोहोर भाताचीं खाचरें होतीं आणि घरोघर मातीची चूल होती. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बापटांना लोक ‘सेनापति’ म्हणूं लागले ते याच लढ्यापासून. स्त्रियाही मागें राहिल्या नाहींत. पुष्कळ जमिनी सावकारांच्या हातीं गेलेल्या असल्यामुळें मोबदला घेऊन मोकळें होण्यास सावकार राजी झाले. जो नांगर धरीत होता त्याच्या पदरीं थोडेंच पडावयाचें होतें. १९२४ च्या अखेरीस लढा संपला. पुढें पाणी चढलें आणि चुली बुडाल्या.

शेताची किंमत रुपयांत ठरवितां येते. चुलीची कोणी कशी ठरवावी? मातीची चूल घरची बाई आपल्या हातानें घाली आणि रोज पोतेरें देऊन राखी. ती उचलून दुसरीकडे नेण्याची वस्तु नव्हे. भाऊ वेगळे निघाले म्हणजे चुली वेगळ्या झाल्या, असेंच लोक म्हणत. धूर डोळ्यांना चुरचुरे हें खरें. पण तिचा एक गुण विसरण्यासारखा नाहीं. ती पेटलेली आहे कीं विझलेली, हें रांगत्या मुलासही दिसे.

विजेनें दिवा आधीं लागला. चूल पेटावयास वेळ लागला. साधी तार तापून लाल झाली कीं हवेंत जळून तुटे. अमेरिकेंतील आल्बर्ट मार्श यानें निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार शोधून १९०६ सालीं तिचें पेटंट घेतलें, तेव्हां ही अडचण सरली. उघड्या तारेची शेगडी त्या तारेचीच. तिच्यावर दूध उतूं गेलें आणि पातेल्यास हात लागला, तर विजेचा धक्का बसण्याची भीति असे. तार झांकावयाची कशानें? साधी कांच तडकते. कॉर्निंग कंपनींतील डोनाल्ड स्टुकी यांनीं १९५३ सालीं एक कांचेचा तुकडा भट्टींत ६०० अंशांवर तापविण्यास ठेवला. यंत्र बिघडलें व उष्णता ९०० अंशांवर गेली. तुकडा बाहेर काढतांना निसटून फरशीवर पडला, आणि फुटला नाहीं! कांचेच्या अंतरंगांत सूक्ष्म स्फटिक बनले होते. याच जातीची पुढें निघालेली कांच तापली तरी जवळजवळ प्रसरण पावत नाहीं. म्हणूनच ती चुलीवर टिकते.

मुळशी तालुक्यांतच आज हिंजवडीच्या उंच इमारती उभ्या आहेत, आणि तेथील स्वयंपाकघरांतून अशी काळी, गुळगुळीत चूल दिसूं लागली आहे. तिच्यांत ज्वाळा नाहीं, धूर नाहीं. धोका नेमका तेथेंच आहे. कांचेखालची तार उष्णता राखण्यासाठीं आपोआप बंद-चालू होत असते. लाली मावळली म्हणजे चूल निवाली, असें समजून हात ठेवणारा भाजतो. बटण बंद केल्यावरही कांच बराच वेळ तापलेली राहते. यासाठीं तिच्यावरील तांबडा दर्शक-दिवा मालवेपर्यंत मुलांना दूर ठेवावें आणि फडकें, प्लॅस्टिकचें झांकण किंवा कागद तेथें ठेवूं नये. चुंबकीय प्रवाहावर चालणाऱ्या ‘इंडक्शन’ चुलींत तापतें तें भांडें. तरी भांड्याच्या तळाची ऊब कांचेंत उतरतेच. या दुसऱ्या जातीस तांब्या-पितळेचीं भांडीं चालत नाहींत. लोहचुंबक तळास चिकटला तर भांडें चालेल, इतकी परीक्षा पुरे. बूड दोन्हींसाठीं सपाट हवें.

२००० वॅटची चूल २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढते. ६ अँपिअरच्या दिव्याच्या खटक्यावर ती लावणें म्हणजे भिंतींतील तारा तापविणें होय. तिला भूयोजन असलेली १६ अँपिअरची जागाच पाहिजे. साखरेचा पाक सांडला तर तो कांचेस धरून बसतो आणि निवतांना तिचे टवके काढतो. तेव्हां चूल बंद करून, हात सांभाळून, तो ऊन असतांनाच पात्याच्या खरवडणीनें काढावा. तेलानें पेट घेतल्यास पाणी ओतूं नये. वीज बंद करून झांकण घालावें. आणि ही कांच उष्णतेस दाद देत नसली, तरी वरवंटा पडला तर फुटतेच. केसाएवढी चीर दिसली तरी पाणी आंतील तारेपर्यंत पोंचूं शकतें. अशा वेळीं चुलीच्या बटणावर न थांबतां भिंतीवरील मुख्य खटका बंद करावा, आणि कांच बदलेपर्यंत ती चूल पेटवूं नये.