मालवणचा एक ठिपका आणि दोन जुने प्रोसेसर

गेल्या महिन्यात शनिवार-रविवारला एक रजा जोडून मालवणला गेलो होतो. संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर काकाबरोबर बसलो होतो. समोर सिंधुदुर्ग किल्ला, बाजूला वाळूत ओढून ठेवलेली त्याची होडी आणि माझ्या हातात नेहमीप्रमाणे मोबाईल. मोठ्या ऐटीत हवामानाचा अंदाज वाचून दाखवला, "दक्षिण कोकणात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस."

काका शांतपणे म्हणाला, "ता तुरळक ठिकाण खयचा, ता इचार मरे तुझ्या कंप्युटराक."

हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर त्याचं सगळं पोट याच प्रश्नावर आहे. होडी लोटायची की ठेवायची? उगाच ठेवली तर दिवस बुडाला. उगाच लोटली तर... ते आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही.

पुण्याला परतताना रात्रभर बसमध्ये झोप नव्हती, तेव्हा डोक्यात दोन जुने प्रोसेसर फिरत होते. (एकेकाची खोड असते!) एक सनचा अल्ट्रास्पार्क-२, दुसरा आयबीएमचा पॉवर-४. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने पहिल्यावर 'परम १००००' उभा केला, दुसऱ्यावर 'परम पद्म'. काकाच्या प्रश्नाचं उत्तर या दोघांत कोण जास्त स्वस्तात देईल, अशी तुलना मनात चालू होती.

आधी थोडा इतिहास. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून मोठा सुपरकॉम्प्युटर हवा होता. तिकडून हो-नाही करत हवामानाच्या कामासाठी क्रे एक्स-एमपी/१४ मिळाला, तोही अटी घालून. तो दिल्लीत बसला. आपणच का बनवू नये, या विचारातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघाली. नेतृत्व डॉ. विजय भटकरांचं. १९९१ मध्ये पहिला 'परम ८०००' आला. कल्पना साधी होती. एक राक्षसी प्रोसेसर मिळत नसेल तर बाजारात मिळणारे बरेच छोटे प्रोसेसर एकत्र जुंपायचे. आमच्या रापणीसारखंच. एकट्याने ओढवत नाही म्हणून सगळा वाडा दोरीला लागतो.

१९९८ चा परम १०००० हा त्याच घराण्यातला. १६० प्रोसेसरची यंत्रणा आणि कागदावरचा वेग सुमारे १०० गिगाफ्लॉप. एक गिगाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १०० कोटी दशांशी आकडेमोडी. २००३ चा परम पद्म बंगलोरला बसला. त्यात २४८ पॉवर-४ प्रोसेसर होते, प्रत्येक १ गिगाहर्ट्झचा. एक टेराफ्लॉपच्या घरात पोचलेला हा पहिला भारतीय सुपरकॉम्प्युटर. जून २००३ च्या जगातल्या पहिल्या ५०० संगणकांच्या यादीत त्याचा नंबर १७१ वा होता.

आता प्रोसेसर समोरासमोर ठेवू. अल्ट्रास्पार्क-२ ची ४०० मेगाहर्ट्झची आवृत्ती घेतली तर तो घड्याळाच्या एका ठोक्याला दोन आकडेमोडी करतो, म्हणजे सेकंदाला ८० कोटी. पॉवर-४ मध्ये गुणाकार-बेरीज एका दमात करणारे दोन विभाग आहेत, म्हणून एका ठोक्याला चार आणि सेकंदाला ४०० कोटी. गंमत बघा, ठोका फक्त अडीच पट जलद, पण कागदावर काम पाच पट! गिगाहर्ट्झ बघून संगणक घेणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

स्वभावातही फरक. अल्ट्रास्पार्क-२ सरळमार्गी गडी. कामं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने करतो. एक काम मेमरीची वाट बघत अडकलं की मागची रांगही थांबली. पॉवर-४ हुशार. अडकलेलं काम बाजूला ठेवून पुढचं उरकून घेतो. शिवाय २००१ मध्ये आलेल्या या चिपवर दोन पूर्ण प्रोसेसर शेजारी-शेजारी होते आणि दोघांत मिळून दीड मेगाबाईटच्या आसपास कॅश. आज मोबाईलमध्येही आठ-आठ असतात, पण तेव्हा सर्व्हरच्या जगात हे नवल होतं.

म्हणजे पॉवर-४ जिंकला? थांबा.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. (कुठली कंपनी ते विचारू नका.) आमचा रात्रीचा बॅच जॉब सहा तास चालायचा. मी छातीठोकपणे सांगितलं, पाच पट वेगवान सर्व्हर घ्या, सव्वा तासात होईल. सर्व्हर आला. जॉब साडेतीन तासांत संपला. प्रोसेसर बहुतेक वेळ डेटाची वाट बघत बसलेला! मॅनेजरने मला काही म्हटलं नाही, फक्त बिलाची प्रत माझ्या टेबलावर ठेवली.

परम पद्मचंही बघा. कागदावर ९९२ गिगाफ्लॉप, प्रत्यक्ष लिनपॅक चाचणीत ५३२. म्हणजे जेमतेम ५४ टक्के. आणि लिनपॅक ही तशी प्रोसेसरला मानवणारी चाचणी. हवामानाच्या प्रोग्रामला सतत मेमरी चाळावी लागते, शेजारच्या यंत्राशी बोलावं लागतं. तिथे हाती येणारा हिस्सा आणखी कमी.

आता काकाच्या प्रश्नाकडे. हवामानाचं मॉडेल पृथ्वीवर चौकटींचं जाळं टाकतं. एका चौकटीला एकच वारा, एकच पाऊस. १९९० च्या दशकात दिल्लीत चालणाऱ्या टी-८० मॉडेलची चौकट साधारण १५० किलोमीटरची होती. आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा? विजयदुर्गापासून रेडीपर्यंत सगळा मिळून १२० किलोमीटरच्या आसपास! म्हणजे देवगड, मालवण, वेंगुर्ला हे सगळं मिळून एक ठिपका. जाळ्याचा आस एवढा मोठा असेल तर त्यातून पेडवा नाही, अख्खा जिल्हा निसटतो.

मग आस बारीक करा की! इथेच मेख आहे. चौकट निम्मी केली की जमिनीवरच्या चौकटी चौपट होतात, आणि गणिताचा तोल राहावा म्हणून वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. एकूण काम आठ पट. परम १०००० ते परम पद्म हा पाच वर्षांतला प्रवास कागदावर साधारण दहा पटीचा. म्हणजे ती एवढी मोठी झेप हवामानाच्या भाषेत मोजली तर चौकट एकदा निम्मी करण्यापुरती. १५० चे ७५ किलोमीटर. बस्स! मालवणला तरीही स्वतःचा ठिपका नाही.

म्हणून माझा निकाल असा. वेगात पॉवर-४, प्रश्नच नाही. पण मोलाच्या हिशेबात मी अल्ट्रास्पार्क-२ ला जास्त मार्क देतो. त्या साध्या, ओळखीच्या सर्व्हरांना जोडताना सी-डॅकच्या लोकांनी 'परमनेट' हे आपलं जोडजाळं घडवलं, प्रोग्राम शंभर ठिकाणी वाटून चालवायची कला हातात आणली. पुढे परम पद्मच्या वेळी त्याच परमनेटची दुसरी आवृत्ती कामाला आली. प्रोसेसर बदलले, सनचे जाऊन आयबीएमचे आले, नंतर इंटेलचे. विकत घेतलेली चिप पाच वर्षांत भंगार झाली. दोरी ओढायला शिकलेली माणसं मात्र राहिली.

२०१८ मध्ये पुण्याच्या आयआयटीएममध्ये 'प्रत्युष' आला (तो क्रे कंपनीचाच, काळाचा महिमा!) आणि चौकट १२ किलोमीटरवर आली. २०२५ च्या मे महिन्यात ६ किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. आपल्या किनाऱ्यावर आता एकाच्या जागी वीस ठिपके. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळाने आमच्याकडे होड्यांची, घरांची, बागांची दैना केली, पण वादळ येतंय हे काही दिवस आधी कळलं होतं. काकाची होडी तेव्हा वर ओढलेली होती, म्हणून आज ती आहे.

पुण्याला पोचल्यावर काकाला फोन करून हे सगळं सांगितलं. आठ पट, दहा पट, वीस ठिपके, सगळं. त्याने ऐकून घेतलं.

"बरा झाला," तो म्हणाला. "पण सहा किलोमीटरात दांडी पण इली नि तारकर्ली पण इली. पाऊस दोघांक सारखोच लागता असा वाटता काय तुका?"

नाही लागत. म्हणजे अजून दोन-तीनदा तरी चौकट निम्मी करायची आहे. आठ गुणिले आठ गुणिले आठ... असो. उद्या सोमवार, ऑफिस आहे.