सिरॅमिक खुबा : रोपणानंतरच्या गुंतागुंती

खुब्याच्या कृत्रिम सांध्यातील गोळा, किंवा गोळा आणि वाटीचे अस्तर असे दोन्ही भाग सिरॅमिकचे असल्यास उद्भवणारे बिघाड. फ्रान्समधील पो येथील शल्यविशारद प्येर बुतँ यांनी १९७० साली अ‍ॅल्युमिना या सिरॅमिकच्या वाटीत अ‍ॅल्युमिनाचाच गोळा बसवून या पद्धतीची सुरुवात केली. सिरॅमिकची झीज अत्यल्प असल्याने तरुण रुग्णांसाठी ते सुचवले जाते. मात्र ते ठिसूळ असते. धातू वाकतो, प्लास्टिक झिजते. सिरॅमिक एकदम फुटते.

फुटण्याचे प्रमाण घडणीवर फार अवलंबून असते. झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकच्या ‘प्रोझिर’ गोळ्यांचे उदाहरण या क्षेत्राला बरेच शिकवून गेले. फ्रेंच उत्पादकाने १९९८ मध्ये भाजण्याची भट्टी बदलली. नव्या भट्टीतील काही तुकड्यांचे गोळे शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये ते परत मागवावे लागले. झिर्कोनियाची स्फटिकरचना ओलाव्यात बदलू शकते. तसे झाले की आकारमान वाढते आणि सूक्ष्म तडे जातात. पुढे आलेल्या अ‍ॅल्युमिना-झिर्कोनिया मिश्र सिरॅमिकचे गोळे क्वचितच फुटतात. अस्तर फुटण्याचे प्रमाण मात्र तितके घटलेले नाही. अस्तर वाटीत तिरके बसले, तर शस्त्रक्रियेच्या वेळीच त्याचा टवका उडू शकतो.

चालताना सांधा करकरणे ही दुसरी तक्रार. वाटीचा कोन चुकला की भार तिच्या कडेवर येतो, वंगणाचा थर तुटतो आणि गोळ्यावर पट्ट्यासारखी झीज दिसते. उकिडवे किंवा मांडी घालून बसताना मांडीच्या हाडात रोवलेल्या, गोळा पेलणाऱ्या दांड्याची मान अस्तराच्या कडेला टेकू शकते, म्हणून जमिनीवर बसण्याची सवय असलेल्या समाजांत याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. नुसता आवाज घातक नसतो. पण तो नव्याने सुरू झाला किंवा सोबत दुखू लागले, तर क्ष-किरण तपासणी टाळू नये.

खरा धोका फुटलेल्या सांध्याच्या दुरुस्तीत आहे. बारीक कण भोवतालच्या ऊतींत रुततात. सांध्याचे आवरण कितीही कसोशीने काढले तरी काही मागे उरतातच. अशा जागी कोबाल्ट-क्रोमचा गोळा बसवला, तर हे कण त्याला पॉलिशपेपरसारखे घासतात आणि कोबाल्ट रक्तात उतरते. जर्मनीतील मारबुर्गच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये असाच एक रुग्ण नोंदवला : हृदय निकामी होत चाललेले, दृष्टी आणि श्रवण जवळजवळ गेलेले, आणि मूळ कारण खुब्यात. त्यामुळे दुरुस्तीत पुन्हा सिरॅमिकचाच गोळा घालणे श्रेयस्कर मानले जाते. दांडा जुनाच ठेवायचा असेल, तर त्याच्या ओरखडलेल्या टोकावर टायटॅनियमची बाही चढवून मग गोळा बसवतात. ओरखड्यांवर थेट बसवलेला गोळा पुन्हा फुटू शकतो. फुटलेल्या सिरॅमिकच्या जागी धातूचा गोळा आधीच बसवलेला असेल आणि रुग्णाला धाप, बहिरेपणा किंवा अंधुक दिसणे जाणवू लागले, तर हृदयतज्ज्ञ वा नेत्रतज्ज्ञांनाही शस्त्रक्रियेचा हा इतिहास सांगून रक्तातील कोबाल्ट मोजून घ्यावे.