तीन टिंबं आणि बारा रेघा

मागच्या मेळाव्यात निदान पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला : "बोटीवर तू नक्की करायचास काय?" कॅप्टन सगळ्यांना कळतो, इंजिनीअर कळतो. रेडिओ ऑफिसर म्हणजे खलाशांसाठी गाणी लावणारा माणूस, अशी आपल्यातल्या एका डॉक्टरची अगदी प्रामाणिक समजूत होती! तेव्हा या स्मरणिकेत प्रवासवर्णन लिहिण्यापेक्षा माझ्या धंद्याचा इतिहासच थोडा सांगतो. धंदा आता उरलेला नाही, पण इतिहास मोठा आहे.

आमचं काम म्हणजे ऐकणं. कानावर हेडफोन, हेडफोनमध्ये खरखर, आणि त्या खरखरीतून टिंब-रेघा वेगळ्या काढणं. वळवाच्या दिवसांत घरचा रेडिओ कसा कडकडायचा ते आठवा. आकाशातली वीज आणि माणसाने दाबलेलं बटण, दोन्ही विद्युतलहरीच सोडतात. मग हा आवाज ढगाचा की माणसाचा, हे यंत्राने ओळखायचं कसं? वायरलेसची पहिली शंभर वर्षं या एका प्रश्नाभोवती फिरली, असं माझं मत आहे.

सुरुवात एका काचेच्या नळीपासून झाली. १८९० साली पॅरिसच्या एदुआर ब्रान्ली यांना आढळलं, की नळीत धातूचा कीस सैल भरला तर त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, पण जवळपास ठिणगी पडली की कीस एकमेकाला चिकटतो आणि वीज सहज वाहू लागते. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८९४ साली या नळीने विद्युतलहरी पकडून दाखवल्या आणि तिला 'कोहिअरर' हे नाव दिलं. अडचण एकच : चिकटलेला कीस आपण होऊन सुटत नाही, नळीला टिचकी मारावी लागते. ही टिचकी मारायला जे यंत्र वापरलं ते तुम्ही सगळ्यांनी वहीत काढलेलं आहे. विजेच्या घंटेची आकृती, विद्युतचुंबक आणि ठोकणारा दांडा! तीच घंटा, फक्त वाटीच्या जागी काचेची नळी.

मार्कोनीने या नळीवर फार मेहनत घेतली. निकेलचा कीस, त्यात थोडी चांदी, दोन्ही बाजूंना चांदीची बुचं आणि आतली हवा काढून टाकलेली. पलीकडे बटण दाबलं की ठिणग्यांची माळ सुटायची. अलीकडे कीस चिकटायचा, टिचकी बसून सुटायचा, पुन्हा चिकटायचा. छपाईचं यंत्र जरा मंद असल्यामुळे या साऱ्या चिकट-सुटीची कागदी पट्टीवर एक सलग रेघ उमटायची. थोडाच वेळ दाबलं तर टिंब. मिनिटाला बारा-पंधरा शब्द निघाले तरी पुष्कळ. आणि ढगात वीज चमकली तरीही टिंबच! रशियात अलेक्झांडर पोपोव यांनी १८९५ साली असंच यंत्र मुद्दाम विजांची नोंद घ्यायला वापरलं होतं. एकाचा संदेश तो दुसऱ्याचा कचरा.

आता १२ डिसेंबर १९०१ या तारखेकडे येऊ. जागा न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सजवळची सिग्नल हिल. वाऱ्यात पतंग उडवून त्याला एरियलची तार बांधलेली. सुमारे ३,४०० किलोमीटरवर इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्धू इथून ठरलेल्या वेळी मोर्समधला 'एस', म्हणजे तीन टिंबं, पुन्हा पुन्हा पाठवली जात होती. या वेळी मार्कोनीने पट्टी छापणारं यंत्र बाजूला ठेवलं आणि टेलिफोनचा श्रवणभाग कानाला लावला. दुपारी त्याला तीन टिंबं ऐकू आली. त्याने तो मदतनीस जॉर्ज केम्पच्या हाती दिला, केम्पनेही ऐकली. अटलांटिक ओलांडला गेला.

पुरावा मात्र या दोन माणसांच्या कानांचाच. पट्टी नाही. शिवाय कोणता आवाज येणार हे दोघांना आधीच माहीत होतं, आणि खरखरीतून जे सहज 'ऐकू' येऊ शकतं ते म्हणजे टिंब. माझ्या अनुभवाने सांगतो, रात्रभर ड्यूटी झाल्यावर हवेतून आपलं नावसुद्धा ऐकू येतं. भर दुपारी तर मध्यम लहरी आयनांबरात मोठ्या प्रमाणावर शोषल्या जातात. हे ज्ञान मार्कोनीला तेव्हा नव्हतं, पण टीकाकार तेव्हाही होते. म्हणून फेब्रुवारी १९०२ मध्ये तो 'फिलाडेल्फिया' बोटीवर यंत्र आणि पट्टी घेऊन बसला. रात्री सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत वाचता येणारे संदेश आणि सुमारे ३,४०० किलोमीटरपर्यंत 'एस'च्या खुणा मिळाल्या. दिवसा मात्र अकराशे किलोमीटरच्या पुढे काही नाही. म्हणजे ज्या प्रवासाने त्याचं म्हणणं सिद्ध झालं, त्याच प्रवासाने सिग्नल हिलच्या दुपारवर शंकाही आणली. मार्कोनी खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याने ऐकलं. काय ऐकलं, हा प्रश्न उघडा आहे.

त्या दिवशी सिग्नल हिलवर जे शोधक वापरले त्यांत एक वेगळा होता : दोन दांड्यांच्या मधे पाऱ्याचा थेंब असलेली नळी. तिला टिचकी लागत नसे. लहर गेली की ती आपोआप पूर्ववत व्हायची, म्हणूनच ती टेलिफोनला जोडता आली. ही नळी मार्कोनीला दिली ती इटलीच्या नौदलातल्या लुईजी सोलारीने, आणि सोलारी हा मार्कोनीचा लहानपणचा मित्र. (माजी विद्यार्थी मेळाव्यांचे फायदे ज्यांना पटत नाहीत त्यांनी नोंद घ्यावी.) पुढे इटलीतच वाद पेटला, की शोध सोलारीचा नसून नौदलातल्या पाओलो कास्तेल्ली नावाच्या सिग्नलवाल्याचा आहे. या भांडणात कलकत्त्याकडे कुणी पाहिलं नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी एप्रिल १८९९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला होता. त्याचा विषयच होता आपोआप पूर्ववत होणारा कोहिअरर. त्यात लोखंड, पारा आणि मधे तेलाचा पातळ थर अशी जोडणी होती. तोच धागा धरून प्रबीर बंदोपाध्याय यांनी १९९८ साली मांडलं, की सिग्नल हिलवरच्या शोधकाचं मूळ बोस यांच्या कामात आहे.

दोन्ही नळ्या हुबेहूब एक नव्हत्या, आणि 'रेडिओचा शोध आपणच लावला' असल्या आरोळ्या मला आवडत नाहीत. पण कल्पना छापून दोन वर्षं झालेली होती, हे खरं. बोस यांना पेटंटांचं वावडंच होतं. सारा बुल यांच्यासारख्या स्नेह्यांच्या आग्रहाने त्यांनी एका शोधकाचं अमेरिकन पेटंट घेतलं, तो अर्ज १९०१ चा आणि मंजुरी मार्च १९०४ ची. त्यात गॅलेनाचा स्फटिक होता. पुढे गॅलेना आणि त्यावर टेकवलेली बारीक तार घेऊन जगभर लाखो लोकांनी क्रिस्टल सेट ऐकले.

बोटींवर मात्र मार्कोनीचाच चुंबकी शोधक बसला. १९०२ मधला हा शोधक, त्याचा पहिला नमुना सिगारच्या खोक्यात बनवलेला. लोखंडी तारेचा पट्टा दोन चाकांवरून चुंबकांजवळून सावकाश फिरत राहायचा आणि लहर आली की टेलिफोनमध्ये आवाज उठायचा. पट्टा फिरवायला घड्याळासारखी चावी. यंत्र भरवशाचं, बोटीच्या हलण्याची पर्वा न करणारं, फक्त चावी भरायला विसरायचं नाही.

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'कॅलिफोर्नियन' ही बोट बर्फामुळे अटलांटिकमध्ये थांबून होती. तिचा एकुलता एक वायरलेस ऑपरेटर सिरिल इव्हान्स दिवसभराचं काम संपवून साडेअकराच्या सुमारास झोपला. काही मिनिटांतच तिथून फार दूर नसलेल्या 'टायटॅनिक'ला हिमनग धडकला. मध्यरात्रीनंतर 'कॅलिफोर्नियन'चा थर्ड ऑफिसर चार्ल्स ग्रोव्हज इव्हान्सच्या केबिनमध्ये डोकावला. त्याला वायरलेसची आवड होती, म्हणून त्याने हेडफोन कानाला लावले. काहीच ऐकू आलं नाही. शोधकाची चावी उतरली होती आणि ती भरावी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं, असं सांगितलं जातं. मदतीच्या हाका त्याच सुमारास हवेत होत्या. त्या ऐकल्या जवळजवळ शंभर किलोमीटरवरच्या 'कार्पेथिया'ने, कारण तिचा ऑपरेटर हॅरॉल्ड कॉटम झोपण्याच्या तयारीत असूनही कानावरचे हेडफोन त्याने काढले नव्हते. सातशेहून अधिक माणसं वाचली ती त्यामुळे. पंधराशेच्या आसपास गेली.

यावर उपाय म्हणजे चोवीस तास कान. तीन ऑपरेटर ठेवा, म्हणजे तीन पगार आले, आणि लहान मालवाहू बोटींचे मालक त्याला तयार नव्हते. मग झोपलेल्या माणसाला उठवणारं यंत्र हवं. इथे जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला : खरखर कुठली आणि हाक कुठली? उत्तर मला फार आवडतं. यंत्राचा कान तीक्ष्ण करण्याऐवजी हाकच अशी घडवली, की निसर्गाला तिची नक्कल करता येऊ नये. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने ठरवलं : चार-चार सेकंदांच्या बारा रेघा, मधे एक-एक सेकंद थांबा, सगळं मिळून एक मिनिट. वीज क्षणात संपते, चार सेकंद कधी टिकत नाही. साधा मोर्स संदेशही इतकी लांब रेघ ओढत नाही. यंत्रातले रिले फक्त लांबी मोजायचे. लागोपाठ तीन-चार रेघा मापात बसल्या की रेडिओ रूम, ब्रिज आणि ऑपरेटरची केबिन अशा तिन्ही ठिकाणी घंटा. बारा पाठवायच्या कारण काही खरखरीत बुडाल्या तरी तीन-चार हाती लागाव्यात. आमच्या बोटीवर ही घंटा माझ्या उशाशी होती. कडकडाटाच्या रात्री कधी ती उगीचही वाजायची, कारण खरखरच इतकी सलग यायची की रेघ भासे. शिव्या देत उठायचो, पण उठायचो.

माणसाच्या कानासाठीही एक नियम होता. रेडिओ रूमच्या घड्याळावर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांचे दोन पट्टे लाल रंगवलेले. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर साऱ्या जगाने गप्प बसायचं आणि क्षीण हाक ऐकू येते का ते ऐकायचं. दर अर्ध्या तासाने संपूर्ण समुद्र तीन मिनिटं मौन पाळतो, ही गोष्ट बाईंना सांगितली होती तेव्हा त्या म्हणाल्या, "आठवी 'ब'ला हे कुणी शिकवलं असतं तर!"

त्याच १९२७ साली आपल्या इकडेही एक गोष्ट घडली. इंग्लंडशी थेट बोलणारी बीम वायरलेस सेवा सुरू झाली. पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ऐकणारं दौंडला. दोन्ही इतकी लांब का? शेजारी ढोल वाजत असताना कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून. दौंडच्या माळावर उंच मनोऱ्यांच्या तारांवर लिंकनशायरहून आलेली कुजबुज पकडली जायची आणि तारेने मुंबईच्या तार कचेरीत जायची. तिथे शाईची सुई कागदी पट्टीवर ती नागमोडी उमटवायची, वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास. कानाने तो घेणं कुणाच्या बापाच्यानं शक्य नव्हतं. दौंडला गाडी इंजिन बदलायला थांबते एवढंच आपल्याला माहीत. सहलीला जाताना आपणही तिथे चहा घेतला आहे.

१ फेब्रुवारी १९९९ पासून जागतिक सागरी संकट व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि बोटीवर मोर्स जाणणारा माणूस असण्याची सक्ती संपली. माझ्यासारखे बरेच जण किनाऱ्यावर आले. आता हाक मारते एक लाल बटण. बोटीला नऊ आकडी ओळख क्रमांक असतो, भारतीय बोटींचा ४१९ ने सुरू होतो. प्रत्येक अक्षर दहा बिटांचं. पहिल्या सात बिटांत मजकूर, उरलेल्या तीन बिटांत त्या सातांमध्ये शून्यं किती आहेत याची गणती. मोजणी जुळली नाही तर रिसीव्हर ते अक्षर टाकून देतो आणि दुसऱ्यांदा पाठवलेल्या प्रतीकडे बघतो, कारण प्रत्येक अक्षर दोनदा पाठवलेलं असतं. दुकानदार बेरीज खालून वर पुन्हा करून बघतो ना, तसंच. या यंत्राला झोप नाही आणि चावीही भरावी लागत नाही. मात्र चुकून बटण दाबलं गेलं तर त्याचीही हाक ते तितक्याच इमानाने सगळ्यांना पोचवतं, आणि अशा खोट्या हाकांची संख्या इतकी आहे की बचाव केंद्रातल्या माणसाला आजही फोन उचलून विचारावंच लागतं : खरंच संकटात आहात का?